शांतक्काच्या हाताचा कागद

आधीच सांगून ठेवतो... भूतबित, करणी, अंगात येणं, असलं काही कुणी माझ्यासमोर काढलं की माझं डोकं फिरतं. मी धारवाडला मळमड्डीत राहतो आणि मागच्या महिन्यापर्यंत हुबळीत, गोकुळ रोडवरच्या एका छोट्या हातकागदाच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. अठरा वर्षं. मला कागदाची जाडी मोजायचा मायक्रोमीटर कळतो. 'मनाचे खेळ असतील' असं खाली ज्यांना लिहायचंय त्यांनी पुढं वाचूच नये.

आमच्याकडे होजिअरीच्या चिंध्या बीटरमध्ये घालून लगदा करतात. तो हौदातल्या पाण्यात सोडायचा, जाळीचा साचा बुडवून वर घ्यायचा आणि पाणी निथळताना हलवायचा. सगळी कमाल त्या हलवण्यात! मशीनचा कागद एका दिशेनं सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेनं वाकडातिकडा. हातकागदात तंतू चारी बाजूंनी गुंततात, म्हणून तो कुठूनच सहज फाटत नाही. शिवाय प्रत्येकाचा झटका वेगळा. शांतक्का डावखुरी, वीस वर्षं हौदावर उभी. तिच्या कागदाची डावी कड किंचित जाड यायची आणि खालच्या कोपऱ्यात एक तिरकी लाट दिसायची. उजेडासमोर धरला की मी लांबूनच ओळखायचो, हा अक्काचा.

बीटरमध्ये पात्यांचा रूळ फिरतो, म्हणून त्याला झाकण असतं. चिंध्या अडकल्या की मशीन थांबवायचं, झाकण काढायचं, साफ करायचं... एवढा धीर कुणाला? मालकानं झाकण कायमचंच काढून ठेवायला लावलं होतं. मी दोनदा बोललो, मग गप्प बसलो. एका सोमवारी माणूस कमी होता म्हणून अक्काला बीटरवर उभं केलं, आणि तिच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

मालक रिपोर्ट टाईप करून घेऊन आला — कामगारानं झाकण स्वतःच काढलं. "सही करा हो, फॉर्मॅलिटी आहे."

मी केली. होय, केली! अक्काला निष्काळजी ठरवून घरी बसवलं. तिचं मागणं एकच होतं — चूक माझी नव्हती, एवढं लिहून द्या.

हौदावर रेणुका नावाची बाई आली. गदगची, उजव्या हाताची, अक्काला तिनं कधी पाहिलेलंही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिचा वाळलेला कागद उजेडासमोर धरला आणि मी हबकलो. डावी कड जाड, कोपऱ्यात तिरकी लाट. साचा बदलला. हौद घासून घेतला. लगदा नवा केला. मायक्रोमीटर दुसरीकडून मागून आणला. तेच! शेवटी मालक माझ्यावर खेकसला, "तुम्हाला शिकवायला येत नाही," आणि बाह्या सरसावून स्वतः हौदावर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याचे कागद वाळले. जाड डावी कड, तिरकी लाट. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"लगदा खराब आहे. सगळं परत बीटरमध्ये घाला," एवढंच बोलून तो केबिनमध्ये गेला.

त्यातला एक कागद मी लपवून ठेवला. भूत म्हणावं तर अक्का जिवंत! संतापानं बधिर होऊन संध्याकाळी तसाच तिच्या घरी गेलो. कागद तिच्यापुढं टाकला.

"अक्का, हे काय चालवलंय?"

तिनं उजव्या हाताचा अंगठा कडेवरून फिरवला. "इदु नन्न कै री," ती पुटपुटली. हा माझा हात आहे. मग एकदम उसळली, "मी काय करणार सर? मला भाकरी थापायला येईना, कागद कुठला काढू? ही कड कशी आली मला ठाऊक नाही. तुमची सही कशी आली ते सांगा की मला!"

मी कागद उचलला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी झाकणाची खरी हकीकत लेखी नेऊन दिली, लेबर ऑफिसमध्ये. एक प्रत अक्काच्या हातात दिली. नोकरी गेली, जाऊ दे. तो कागद दोन जाणकारांना दाखवला. दोघांनाही कारण सांगता आलं नाही. परवा रेणुकाचा फोन आला होता... कड अजून तशीच येते म्हणे. का येते, मला सांगता येत नाही. सही का केली ते मात्र मला तेव्हाही माहीत होतं. मी भ्यालो होतो.