म्हशीच्या वाट्याच्या गोळ्या

ताडकळसच्या बाजारात तो मला लांबूनच हाक मारतो, "आले का, चुगलखोर!"

आमची ओळख परभणीच्या दवाखान्यातली. दोघांनाही गोचीड चावून ताप भरलेला, खाटा शेजारी शेजारी. डॉक्टरांनी त्याच्या काखेतला काळा डाग दाखवून सांगितलं, "म्हशीच्या अंगावरची गोचीड चावलीय." त्याला तो म्हशीवरचा आळ वाटला. "आमची म्हैस लय साफ हाय, सायेब. शेजाऱ्याच्या बैलाची असंल." बायको भेटायला आली की पहिला प्रश्न, "ती खायलीय का?" ती म्हणजे म्हैस, हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक झालं होतं.

माझा ताप उतरला, त्याचा उतरेना. डॉक्टर औषध बदलायला निघाले. तेव्हा मला दिसलं, की तो सिस्टरसमोर गोळी तोंडात टाकतो, पाणी पितो आणि तिची पाठ वळताच गोळी काढून रुमालाच्या गाठीत बांधतो. मला राहवेना, मी सांगून टाकलं.

सिस्टरनं गाठ सोडली. "काका, ह्या कुणासाठी?"

"म्हशीसाठी. गोचीड आधी तिला चावली. तिला कोण भरती करून घेतंय?"

"म्हैस तर साफ होती ना?"

"चार लोकांत तिची बेअब्रू कशी करू, बाई?"

मग सिस्टर समोर उभी राहून त्याला गोळ्या गिळायला लावू लागली. ताप गेला.

परवा बाजारात त्यानं मला चहा पाजला. मी विचारलं, "म्हैस कशी आहे?"

"बरी हाय," तो म्हणाला, "पर तुमचं नाव काढलं की लाथ झाडती."