येतो

ते राज्यसभेचे खासदार. अधिवेशन संपलं की सिंगापूरला, क्लेमेंटीत माझ्या शेजारी राहणाऱ्या लेकीकडे येतात आणि सकाळी इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, आमची कॉफी होते. कुठल्याही वादात ते दोन्ही बाजू इतक्या मनापासून मांडतात की मी वैतागतो.

फोन कायम स्पीकरवर. या खेपेला गावाकडून एकच धोशा, "साहेब, मुख्यमंत्रिपदाला तुमचंच नाव आहे. दिल्ली सोडून इकडे येताय ना?" ते म्हणायचे, "बघू."

आज पुन्हा फोन आला. त्यांनी आधी शेजारी बसलेल्या नातीचा टोस्ट कापून दिला, मग हळूच म्हणाले, "येतो."

नातीने विचारलं, "आजोबा, देन हिअर नो मोअर कमिंग, आह?"

तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "येतो."

या वेळी मी वैतागलो नाही.