गाद्या जाळणाऱ्या डॉक्टरीणबाई

“हात दाखव!” बाळंतिणींच्या वॉर्डात कुणीही पाऊल टाकलं की आमच्या डॉक्टरीणबाई आधी हेच म्हणायच्या. अमरावतीच्या त्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. नखात मळ दिसला तर बाई मनगट धरून नळावर न्यायच्या. मूळच्या मूर्तिजापूरकडच्या, रागावल्या की कॉलेजातली भाषा गळून पडायची. एकदा दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनाच म्हणाल्या, “तुमाले काय येगळे हात देले का देवानं?” साहेब हसले. पण ते विसरले नाहीत.

पेनिसिलीन तेव्हा नवंच आलं होतं. साहेब ते वशिल्याच्या माणसांना सर्दीपडशावरही टोचायचे. वॉर्डातल्या बायांच्या वाट्याला उरलंसुरलं, पुरवून पुरवून. बाई ओरडायच्या, “अर्धवट मारून सोडसान तं जंतू निर्ढावतीन! मंग या औषधाचं पाणी होईन!”

तुम्हीच सांगा, दुसरं काय व्हायचं होतं? एकीच्या टाक्यांत पू झाला, मग शेजारच्या खाटेवर, मग पलीकडे. सुया चालू, ताप हटेना. चांदूर रेल्वेकडच्या एका माळ्याची सून पहिल्या बाळंतपणाला आली होती. हसरी पोरगी. तीही फणफणली.

बाईंनी वॉर्ड बंद करायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, “नागपूरहून बडे पाहुणे येताहेत. त्यांना काय रिकाम्या खाटा दाखवू?”

मग बाईंनी चालत्याफिरत्या बायांना स्वतःच घरी पिटाळलं. माळ्याच्या म्हातारीच्या हातात नातू दिला. “याले घेऊन जाय. अठी ठेवशीन तं यालेही लागन.”

“अन् माही सून?”

बाई आत जाऊन त्या पोरीचे केस विंचरत बसल्या.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी उरलेल्या बायांना व्हरांड्यात हलवलं, वॉर्डातल्या सगळ्या गाद्या अंगणात ओढल्या आणि रॉकेल ओतून काडी लावली. ओढताना गादीचं दुसरं टोक मी धरलं होतं. पाहुण्यांची मोटार फाटकातून थेट धुरात शिरली.

“सरकारी मालमत्ता आहे ही!” साहेब किंचाळले.

“अन् मेली ते पोरगी कोनाची होती?”

लगेच बाईंना कामावरून काढलं. नव्या गाद्या आल्या, खाटा पुन्हा भरल्या आणि ताप पुन्हा सुरू झाला.

पोळ्याच्या सुमारास म्हातारी आली, कडेवर बाळसेदार नातू. “डॉक्टरीणबाईले दाखवाले आनला.”

बाईंना काढून टाकल्याचं मी सांगितलं. व्हरांड्यातून साहेब चालले होते. म्हातारीनं त्यांच्याकडे सरळ बोट केलं.

“तिले काढलं? अन् हा हायेच?”

साहेबांनी ऐकलं. थांबले नाहीत.