ओठाचा कोपरा

पुंडलिकनगरात सर्जेराव वाघचौरेंच्या घरी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोनला टीव्ही बंद व्हायचा. सर्जेराव कुरकुरायचे, रिमोट उशीखाली ढकलायचे आणि पलंगावर भिंतीला टेकून बसायचे. त्यांची मुलगी दीपमाला समोर स्टूल ओढायची, मोबाइल तांब्याला टेकवून उभा करायची, कानात वायर घालायची आणि मांडीवर वही घ्यायची. मग दीड तास तिचा चित्रकलेचा क्लास. शिकवणाऱ्या निशा मॅडम पुण्यात, शिकणाऱ्या वीस-बावीस बायका आपापल्या गावी, आपापल्या घरात.

दीपमाला तेव्हा अडतीस वर्षांची होती. लग्न होऊन जालन्याला गेली आणि सात वर्षांनी परत आली. नवऱ्यानं दुसरं घर केलं होतं; गल्लीला ते आधी कळलं, हिला सगळ्यात शेवटी. ती माहेरी आली तेव्हा आई होती. दोन वर्षांनी आईही गेली. मग सर्जेरावांच्या तळपायाला जखम झाली. साखर वाढलेली, जखम भरेना, शेवटी उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस पलंगावर आला. धाकटा भाऊ प्रणय चाकणला कंपनीत, त्याचं बिऱ्हाड तिकडंच. तो फोनवर म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून निभतंय." ती होतीच. जाणार कुठं?

वडलांचं जेवण, औषधं, इंजेक्शन, अंघोळ. मधल्या वेळात गल्लीतल्या बायकांच्या साड्यांचं फॉल-पिको. बाहेर पडायचं ते कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत. क्लासचं शेजारच्या संस्कृतीनं सुचवलं. ती केसरबाईंची सून, दीपमालापेक्षा लहान. "ताई, घरबसल्या शिकवतात. तुमचा हात चांगला आहे म्हणत होत्या आमच्या आत्या."

हात चांगला होता, हे खरं. आठवीत एलिमेंटरीच्या परीक्षेत तिला ए ग्रेड मिळाली होती. इंटरमिजिएटचा फॉर्म मात्र सर्जेरावांच्या सहीवाचून राहिला. "चित्रं काढून काय दिवे लावणार हायस?" एवढंच ते म्हणाले होते आणि डबा घेऊन ड्युटीला निघून गेले होते. तिनं पुन्हा विचारलं नाही.

क्लासमध्ये आधी पातेलं, मग बटाटे, मग स्वतःचाच डावा हात. दोन महिन्यांनी मॅडम म्हणाल्या, "आता चेहरा. घरातलं कुणीतरी बसवा. रोज तोच चेहरा काढा. एकच चेहरा पन्नास वेळा काढलात की बघायला शिकाल."

दीपमालाच्या घरात एकच चेहरा होता.

"माझं काय काढतीस? पाय तर नाय," सर्जेराव म्हणाले.

"चेहरा काढायचाय अण्णा. पायाचं काम नाही."

"मग काढ. पण मी हसणार नाय, आधीच सांगतो."

पहिलं चित्र झालं तेव्हा त्यांनी चष्मा मागितला. वही जवळ धरली, लांब धरली. "हा तर माझा बाप हाय," ते म्हणाले.  संध्याकाळी चपाती मोडता मोडता एकदम विचारलं, "असा दिसतो व्हय मी?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून दाढी करायला पाणी मागितलं.

तेव्हापासून रोज सकाळी नऊच्या सुमाराला, खिडकीतून ऊन पलंगावर आलं की बाप-लेक समोरासमोर बसू लागले. हालायचं नाही म्हटल्यावर सर्जेरावांना बोलायला सुचायचं. कन्नडचा रस्ता, घाटात बंद पडलेली गाडी, दौलताबादच्या दरवाज्यात अडकलेला ट्रक. "चित्र काढणारी पोरं-पोरी लई यायची माझ्या गाडीत. हे मोठमोठे पुठ्ठे घेऊन. येरूळला लेण्यांपाशी उतरायची. मी तीस वरीस त्यांना उतरवलं, पर आत जाऊन कधी बघितलं नाय. गाडी वळवायची आन् चहा प्यायचा." लहानपणापासून मिळून जेवढे बोलले नव्हते, तेवढे ते त्या दीड-दोन महिन्यांत बोलले. एकदा मधेच म्हणाले, "तवा सही करायला पायजे होती मी."

दीपमालाची पेन्सिल थांबली नाही. "मान हलवू नका अण्णा," ती म्हणाली. पण त्या दिवशीचं चित्र तिनं दोन दिवस पुसलंही नाही आणि पुरंही केलं नाही.

डिसेंबर लागला. वहीत चाळीसच्या आसपास चेहरे झाले होते. एका बुधवारी ती नेहमीसारखी बसली. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापं घेतली, मॅडमनी शिकवलं होतं तसं. चित्र होत आलं तेव्हा तिला काहीतरी खटकलं. ओठाचा उजवा कोपरा खाली आला होता. त्या बाजूच्या गालाची घडीही पुसट झाली होती. तिनं पुन्हा माप घेतलं. पुन्हा तेवढंच आलं. मग तिनं तसंच राहू दिलं.

त्याच सकाळी सर्जेरावांच्या बनियनवर चहा सांडला होता. "कवळी ढिली झालीय," ते म्हणाले होते. आदल्या दिवशी रिमोट हातातून दोनदा पडला, तेव्हा म्हणाले होते, "थंडीनं बोटं वाकंना." दीपमालानं बनियन भिजत टाकलं, चित्राचा फोटो काढला आणि क्लासच्या ग्रुपवर पाठवला. त्या आठवड्यात पुढं साड्यांच्या घाईत सकाळचं बसणं झालंच नाही.

शुक्रवारी मॅडमनी सगळ्यांची चित्रं एकेक करून पडद्यावर दाखवली. दीपमालाच्या चित्रावर त्यांनी लाल रेघा मारल्या. "दीपमालाताई, केसांचं काम सुंदर झालंय. पण इथं बघा. डोळे सरळ रेघेत आहेत, मग ओठही त्या रेघेला समांतर हवेत. तुमचा एक कोपरा घसरलाय. सुरुवातीला सगळ्यांचंच होतं असं. वही मांडीवर तिरकी होत असेल. मधली रेघ आखून घ्या आणि दुरुस्त करा."

'मॅडम, मी मापून काढलंय,' असं तिला म्हणायचं होतं. माइक बंद होता. तो सुरू करायचं बटण सापडेपर्यंत मॅडम पुढच्या चित्राकडं गेल्या होत्या. तिला वाटलं, जाऊ दे. त्या इतकी वर्षं शिकवतायत, आपण कालपरवा शिकायला लागलो. तिनं पट्टीनं बारीक रेघ आखली, रबर घेतलं आणि ओठाचा कोपरा पुसून वर उचलला. गालाची घडीही गडद केली. हे सगळं करताना तिनं एकदाही मान वर करून बघितलं नाही. सर्जेराव तीन हातांवर बसले होते.

दुरुस्त चित्र तिनं पाठवलं. मॅडमचं उत्तर आलं, "वा! आता जमलं."

रविवारी नळाला पाणी आलं, आठव्या दिवशी. दीपमाला गच्चीवर पाइप धरून टाकी भरत होती. खाली मोटर घरघरत होती. टाकी भरली, दोन ड्रम भरले, मग ती खाली आली. सर्जेराव पलंगावरून खाली पडलेले होते, गालावर. डोळे उघडे. ते काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, पण नुसता 'ब, ब' असा आवाज येत होता. किती वेळ पडले होते कोण जाणे. अर्धा तास तरी मोटर चालू होती.

तिनं केसरबाईंना हाक मारली. संस्कृतीच्या नवऱ्यानं रिक्षा आणली. क्रांती चौकात गाड्या तुंबलेल्या. दीपमाला वडलांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि इतक्या जवळून, वरून, तो ओठ तिच्यासमोर होता. घसरलेला. बुधवारी तिनं काढला होता तसाच, फक्त जास्त.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. मेंदूत रक्ताची गुठळी अडकलीय, म्हणाल्या. "याच्या आधी एखादा लहान झटका येऊन गेला असणार. चार-आठ दिवसांत काही जाणवलं होतं का? तोंड वाकडं वाटणं, खाताना सांडणं, हातातून वस्तू पडणं? तेव्हाच आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं."

प्रणय संध्याकाळी पोचला होता. त्यानं बहिणीकडं बघितलं. "ताई, काही दिसलं होतं का गं?"

"नाही," दीपमाला म्हणाली.

तिसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आली तेव्हा तिनं वही उघडली. पुसलेली रेघ नीट गेली नव्हती. कागदावर तिचा वळ होता, बोट फिरवलं की लागायचा. मोबाइलमध्ये आधीचा फोटो होता, त्याच्यावर तारीख होती. ती मागची पानं चाळत गेली. सोमवारच्या चित्रातही कोपरा जरासा खाली होता. त्याच्या आदल्या रविवारच्या नव्हता. म्हणजे दोन दिवस तिचा हात बरोबर काढत होता आणि तिला काही कळलं नव्हतं. आणि जेव्हा कळायच्या बेताला आलं, तेव्हा तिनं ते रबरानं पुसलं होतं.

अठरा दिवसांनी सर्जेराव घरी आले. उजवं अंग गेलं होतं, वाचाही गेली. डावा हात तेवढा राहिला. ज्या दीड-दोन महिन्यांत ते इतकं बोलले होते, ते त्यांचं शेवटचं बोलणं ठरलं. प्रणय जाताना म्हणाला, "ताई, ते क्लास-बिस आता बास कर."  तिनं केव्हाच बंद केला होता.

महिन्याभरानं निशा मॅडमचा फोन आला. काय झालं, येत का नाही, म्हणून. दीपमालानं पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. बुधवारचं चित्र, शुक्रवारची लाल रेघ, रविवार.  मग मॅडम रडायला लागल्या. "माझ्यामुळं झालं हो. मला काय माहीत... मी एकदा विचारायला हवं होतं, खरंच असं आहे का म्हणून."

"तुम्ही पुण्यात होता मॅडम," दीपमाला म्हणाली. "मी घरात होते."

तरी बाईंचं रडू थांबेना. दीपमालालाच त्यांची समजूत काढावी लागली, आणि फोन ठेवल्यावर तिला त्या बाईचा एवढा संताप आला की हातातलं पातेलं तिनं मोरीत आदळलं. मग तेच उचलून घासलं.

वडलांनाही तिनं सांगितलं, एका दुपारी. ती त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. "अण्णा, मला दिसलं होतं. मी काढलंही होतं. मग मीच पुसलं." सर्जेराव तिच्याकडं बघत राहिले. त्यांचा डावा हात उठला आणि वाटीला लागला. पेज चादरीवर सांडली. पेज गरम होती म्हणून हात आला, की ऐकून आला, की त्यांना तिच्या अंगाला हात लावायचा होता आणि वाटी मधे आली, हे तिला कधीच कळलं नाही. त्यांना किती समजतंय हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. तिनं चादर बदलली.

नऊ महिने ते असेच होते. पाठीला जखमा झाल्या, त्या भरल्या, पुन्हा झाल्या. भाद्रपदात छातीत कफ झाला आणि तीन दिवसांत सर्जेराव गेले.

दहाव्याचं सगळं आटोपून पाहुणे पांगले, तेव्हा तिनं प्रणयसमोर वही ठेवली, बुधवारचं पुसलेलं पान आणि मोबाइलमधला त्याचा आधीचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत बसला. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?" मग स्वतःच म्हणाला, "तेव्हा बोलून तरी काय होणार होतं म्हणा." पण त्यानं वही मिटून तिच्याकडं दिली नाही; तिथंच सतरंजीवर ठेवून उठला.

त्या दिवाळीनंतर दीपमालानं क्लास पुन्हा धरला. मॅडमनी तिला कुठला प्रश्न विचारला नाही, तिनंही त्यांना नाही. घागर, दारातली तुळस, शिवणयंत्र, असलं ती काढायची. चेहऱ्याचा पाठ आला की कॅमेरा बंद करून नुसती ऐकायची. असं चार-पाच महिने गेले.

मग एकदा केसरबाई येऊन त्याच पलंगावर बसल्या. "बापाचं एवढं काढलंस, माझं एक काढ की. मेल्यावर पोरं कुठलातरी आधारकार्डाचा फोटो लावतील."

दीपमालानं नको-नको म्हटलं, पण बाई उठेनात. शेवटी तिनं वही घेतली. पेन्सिल टेकवायच्या आधी ती इतका वेळ बघत राहिली की केसरबाई चुळबुळायला लागल्या. "काय गं, अशी काय बघतीस?"

"काही नाही मावशी, बसा."

ती काढत गेली. कपाळ, नाक, हनुवटी. डाव्या डोळ्याशी येऊन थांबली. उठून जवळ गेली. "मावशी, हा डोळा पहिल्यापासूनच बारीक आहे का? की आता झाला?"

"आता कशाचा! लहानपणी देवी आल्या व्हत्या तवाचा हाय त्यो."

"नक्की ना?"

"अगं, माझा डोळा मला म्हाईत नाय व्हय?"

तिनं संस्कृतीला हाक मारून तिलाही विचारलं. मग परत स्टुलावर येऊन बसली आणि डोळा बारीक काढला. चित्र काही फार जमलं नाही. केसरबाईंनी नाक मोठं काढलं म्हणून तक्रार केली आणि तरी घेऊन गेल्या.

घराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. प्रणय महिना-दोन महिन्यांनी येतो, एक दिवस राहतो. बहीण-भाऊ अण्णांविषयी बोलतात, त्यांच्या रागाविषयी, त्यांच्या गाडीविषयी, कधी हसतातही. त्या डिसेंबरात काय झालं, यावर दोघंही बोलत नाहीत. निघताना तो दारात चप्पल घालत म्हणतो, "येतो ताई." पूर्वी तो वाकून पाया पडायचा. आता पडत नाही, आणि तीही त्याच्या तोंडाकडं न बघता फाटकाची कडी काढून देते.