अतिगोपनीय वाघीण

“डी! डब्यातला डी!” मी फोनवर तिसऱ्यांदा ओरडलो.

“बी? बैलातला बी?” पलीकडून वनरक्षक मेश्राम.

मी चंद्रपूरला वनखात्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर. मेश्रामच्या भागातल्या एका नाल्यात वाघीण तीन पिल्लं घेऊन बसली होती. जागा फुटली तर फोटोवाल्यांच्या गाड्या येणार, कदाचित शिकारीही. म्हणून साहेबांनी बजावलं होतं, “नकाशाच्या फाईलला पासवर्ड लावा. पासवर्ड मेलमध्ये नको, फोनवर सांगा.” म्हणजे पेटी एका वाटेनं, किल्ली दुसऱ्या.

पण मेश्रामच्या गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर.

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला. “बी नाई गा, डी म्हणून राह्यला तो!”

“मेश्राम, कोण आहे तिथे?”

“शांताबाई हाय भाऊ. मासोळ्या धरून राह्यली.”

“तिला आधी लांब पाठवा! गोपनीय आहे हे!”

“तिनंच तर मले वाघीण दाखवली. पूर्ण गावाले मालूम हाय. बाहेर कोनी बोलत नाई.”

शेवटी मेश्रामच्या मोबाईलवर फाईल उघडली. मी खुशीत चहा मागवला. तो येण्याआधी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

“आत्ता एका रिसॉर्टवाल्याचा फोन आला. पिल्लं कशी आहेत, विचारतोय.”

मी धावत जाऊन पाठवलेला मेल पाहिला. फाईल घट्ट बंद होती. पण विषयाच्या ओळीत मीच गावाच्या आणि नाल्याच्या नावासकट लिहिलं होतं, ‘वाघीण व तीन पिल्ले, अतिगोपनीय’. विषयाला पासवर्ड लागत नाही. त्यात घाईत मेल गेला होता रिसॉर्टवाल्यांच्या आणि सफारीच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपलाही.

रविवारी गाड्या अडवायला साहेबांनी मलाच पाठवलं. पोचलो तर सफारीच्या चार जिप्सी गाड्या पाळीवर उभ्या, आणि शांताबाई त्यांना सांगत होती, “तीन पिल्लं ना? हायेत की. या माह्या मागं.”

सगळे कॅमेरे घेऊन, पाय न वाजवता तिच्या मागे गेले. तिनं गोठ्याचं दार उघडलं. आत बकरीची तीन पिल्लं.

“आनखी कोनती पिल्लं पायजे?”

एकानं फोटो काढला. तासाभरात गाड्या परतल्या.

पुढच्या आठवड्यात वाघिणीनं पिल्लं दुसरीकडे हलवली. साहेबांनी त्या जागेचा मेल कोणालाच करू दिला नाही. मी आता विषयाच्या ओळीत फक्त ‘पत्र’ एवढंच लिहितो, आणि पाठवण्याआधी पत्ते दोनदा वाचतो.