अत्याच्या जाहिरातीवरचा रिपोर्ट

इथल्या जुन्या वाचकांना माझं नाव ओळखीचं असेल, आणि कौतुकाने नक्कीच नाही... दुसऱ्यांच्या अनुभवांखाली "खिडकी उघडी राहिली असेल", "एकदा बीपी तपासून घ्या" असल्या कमेंट टाकणारी ती मीच. भूत, संकेत, आतला आवाज – यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानते असं म्हणवत नाही. पण गेल्या वर्षी आमच्याकडे एक गोष्ट घडली. ती मी सगळ्या बाजूंनी तपासून बघितली आणि शेवटी हात टेकले. म्हणून आज पहिल्यांदा कमेंटच्या वर लिहितेय. खाली तुम्ही काय लिहाल याची कल्पना आहे मला. लिहा, हक्कच आहे तुमचा.

मी मूळची कराडची, लग्न होऊन कुंभकोणमला आले. हो, तमिळनाडूतलं कुंभकोणम, आणि सासर मात्र मराठी. तंजावरच्या मराठी दरबाराच्या काळात इकडे आलेल्या आणि मग इथलेच होऊन गेलेल्या लोकांपैकी हे एक घर. त्यांची मराठी ऐकून सुरुवातीला मला कोणीतरी बखर वाचून दाखवतंय असं वाटायचं – "कोठें जातेस", "नक्को" – आणि मध्येच सणसणीत तमिळ. माझ्या मराठीला सासूबाई "रेडिओची मराठी" म्हणतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी कोणालाच धड येत नाही, त्यामुळे मराठी लिहायची वेळ आली की ही मंडळी ती तमिळ अक्षरांत लिहितात. आता तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. लग्न ठरल्यावर जयरामने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला लाडाने 'गोड' असं लिहून पाठवलं होतं. मी ते एका तमिळ मैत्रिणीकडून वाचून घेतलं, तर 'कोट' निघालं.

जयराम आणि मी मिळून एक ब्राउझर एक्स्टेन्शन चालवतो, ॲड-ब्लॉकर. बातम्यांच्या साइट्स तुम्ही बघितल्या असतील... बातमी दोन ओळींची आणि भोवती उड्या मारणाऱ्या जाहिराती. त्या आम्ही अडवतो, तेही फुकट. मग पोट कशावर भरतं, हे सगळेच विचारतात. तर काही जाहिरातदार असे असतात की जे लुकलुकत नाहीत, बोंबलत नाहीत, वाचणाऱ्याच्या मागे मागे फिरत नाहीत. त्यांना आम्ही पैसे घेऊन आत सोडतो, आणि तसं वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. ज्यांना त्याही नको असतील ते एक बटण दाबून बंद करतात. सासूबाईंच्या मते याला लाच म्हणतात. "दारांत उभे राहायचें, पैसे दिले कीं आंत सोडायचें. वेगळें काय तें?" जयराम यावर तासभर वाद घालतो. मी घालत नाही, कारण मला त्यात अगदीच तथ्य नाही असं वाटत नाही.

म्हणूनच आमचा एक नियम आहे. एक्स्टेन्शनमध्ये 'रिपोर्ट'चं बटण आहे. आत सोडलेल्या जाहिरातीवर कोणी तक्रार केली की आधी जाहिरात काढायची आणि मग चौकशी, मग जाहिरातदार कितीही मोठा असो की ओळखीचा असो. हा नियम मोडला तर आमच्यात आणि हप्ता गोळा करणाऱ्यात काही फरक उरणार नाही.

या आत सोडलेल्या जाहिरातींत एक घरची होती. जयरामची आत्या – इकडे 'अत्या' म्हणतात – इन्नंबूरला राहते, स्वामिमलैच्या पलीकडे, भातशेतीतलं गाव. यजमान गेल्यापासून एकटी. तिने कोरड्या चटण्या, म्हणजे इथल्या भाषेत पोडी, आणि लोणची विकायला सुरुवात केली. जयरामने तिला जाहिरात करून दिली आणि नावच ठेवलं 'अत्या'. छोटीशी चौकट, हलत नाही की डुलत नाही. त्यावर तिला चेन्नई-बेंगळुरूहून ऑर्डरी यायच्या. अत्या खुश होती. सासूबाई नव्हत्या. पोडीची कृती आपली आणि नाव नणंदेचं, यावरून दोघींचं बोलणं बंद होऊन वर्ष होत आलं होतं. फोनवर अत्या आहे असं कळलं की सासूबाई मोठमोठ्याने भांडी लावायला घ्यायच्या.

एका सकाळी मी नेहमीसारखी रिपोर्ट बघायला बसले. अमुक व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तमुक जाहिरात बंद होत नाही, वगैरे. त्यात एक अत्याच्या जाहिरातीवर होता. मजकूर एकच ओळ, तमिळ अक्षरांत. मला तमिळ बोलता येतं पण वाचताना अडखळते, म्हणून भाषांतराला टाकलं. निव्वळ कचरा निघाला. जयरामला बोलावलं. तो वाचता वाचता थांबला.

"हें तमिळ नव्हे," तो म्हणाला. "अपली मराठी अहे."

त्याने वाचून दाखवलं – "असकं सोडून अत्याला काढ."

असकं म्हणजे सगळं. हा जुना शब्द मला इथे येऊनच कळला. म्हणजे बाकी सगळ्या राहू देत, अत्याचीच तेवढी काढ.

मला आधी हसू आलं, मग ते गेलं. तमिळ अक्षरांत मराठी लिहिणारा म्हणजे आमच्याच लोकांतला कोणीतरी. आपल्यातलंच कोणीतरी त्या एकट्या बाईच्या वाइटावर होतं. दोघांच्याही मनात एकच नाव आलं असावं, कारण आम्ही दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे बघितलं.

"छे," जयराम म्हणाला. "अम्माला बटण कोठें अहे तेंही ठाऊक नाही."

नियम तो नियम. त्याने जाहिरात काढली. आता अत्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, यावर आम्ही बोलत होतो तेवढ्यात सासूबाई कॉफी घेऊन आल्या. नणंदेच्या पोडीवर तक्रार आलीय एवढं कानावर पडल्यावर त्या कसल्या परत जातात! चष्मा लावला, जयरामला उठवलं आणि ऐसपैस खुर्चीत बसल्या, चवीने वाचायला.

वाचलं. पुन्हा वाचलं. हातातला पेला त्यांनी टेबलावर ठेवला.

"जयराम, अत्याशीं शेवटचें कधीं बोललास?"

"परवां. कां?"

"हें काढ नव्हे. गाठ अहे हें. असकं सोडून अत्याला गाठ. हातांतलें टाक आणि तिच्याकडें जा."

माझ्या अंगावर काटा आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला वैताग आला. क आणि ग एकच, ठ आणि ढ एकच, म्हणजे दोन्ही वाचता येतं हे खरं. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस 'काढा'च म्हणतो, 'गाठ' कोण कशाला लिहील? जयरामनेही तेच विचारलं.

"तुम्हाला सवय म्हणून तुम्ही काढ वाचलें," त्या म्हणाल्या. "जाहिरात नक्को असेल तर जाहिरात काढ म्हणतील. अत्याला कां म्हणतील? अत्या म्हणजे माणूस ना?"

फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. शेजारच्यांना लावला, तर ते घराला कुलूप लावून तिरुवलंचुळीला लग्नाला गेलेले. मी म्हटलं, अम्मा, देवळात गेली असेल हो.

"गेली असेल तर बरेंच झालें. तिच्याशीं भांडून परत येतें. गाडी काढ."

कावेरीचा पूल, स्वामिमलै, मग दोन्ही बाजूंना भाताची खाचरं... रस्ता नेहमीचाच, पण त्या दिवशी संपेना. अत्याचं दार आतून बंद होतं. हाका मारून झाल्या. जयराम मागच्या भिंतीवरून आत उतरला आणि आतून त्याचा आवाज आला, तसा मला पुन्हा कधी ऐकायला लागू नये.

अत्या परसात विहिरीपाशी पडली होती, कपडे धुवायच्या दगडाजवळ. शेवाळावरून पाय घसरून कमरेचं हाड मोडलेलं. आदल्या संध्याकाळपासून ती तिथेच होती. ऊन थेट अंगावर आलेलं, ओठ पांढरे पडलेले, धड शुद्धीत नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, तो दिवस तशीच राहिली असती तर हाताला लागली नसती.

सासूबाई त्या बुळबुळीत दगडांवरच बसल्या, नणंदेचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिला बोलायला लागल्या. शेवाळ खरवडायला काय झालें होतें, फोन जवळ ठेवायला काय होतें, एकटीचा कसला हट्ट... डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंड चालूच. अत्याने डोळे किलकिले केले. म्हणाली, "वैनी? तूं आलीस?"

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता, पण गावाचं नाव मी दोनदा चुकीचं सांगितलं. जयरामने माझ्या हातातून फोन घेतला.

अत्या वाचली. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन घरभर फिरते, आणि पोडीच्या बरणीवर कृती कोणाची ते छापायचं की नाही यावर वैनीशी रोज फोनवर भांडते.

आता माझ्या नेहमीच्या कामाकडे येते. रिपोर्ट पाठवला कोणी? आम्ही वापरणाऱ्यांची नावं-पत्ते ठेवत नाही, पण एक्स्टेन्शन इन्स्टॉल होताना प्रत्येक कॉम्प्युटरला एक क्रमांक मिळतो. अगदी सुरुवातीचे क्रमांक जयरामने घरच्याच कॉम्प्युटरांवर हाताने घातले होते, त्यामुळे ते आम्हाला माहीत आहेत. हा त्यातलाच एक होता – इन्नंबूर, अत्याच्या यजमानांचा जुना कॉम्प्युटर.

सुटलं कोडं, असं मला वाटलं. अत्यानेच कसंतरी पाठवलं असणार. मी स्वतः इन्नंबूरला जाऊन बघितलं. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत प्लास्टिकच्या कव्हराखाली, आणि कव्हरावर रिकाम्या बरण्या. वायर प्लगमध्ये नव्हतीच, गुंडाळून मागे सारलेली. इंटरनेट यजमान गेल्यावर बंद केलेलं. अत्या ऑर्डरी फोनवर घेते, आमचं एक्स्टेन्शन फोनवर चालत नाही, आणि त्या दिवशी तो फोनही स्वयंपाकघरात फळीवर होता. मी वायर लावून कॉम्प्युटर सुरू केला. सुरू झाला, पण त्याचं घड्याळ कुठल्यातरी भलत्याच सालात जाऊन बसलेलं.

जयराम म्हणाला, जुना रिपोर्ट कुठेतरी अडकला असेल, तो उशिरा पोचला. पण तो कॉम्प्युटर शेवटचा चालू होता तेव्हा 'अत्या' नावाची जाहिरातच नव्हती. मग म्हणाला, एकच क्रमांक चुकून दोघांना गेला असेल. असेल. मी नाकारत नाही. पण मग त्या दुसऱ्या कोणीतरी नेमक्या त्याच सकाळी, मराठीत, तमिळ अक्षरांनी...? आमच्या लोकांपैकी ज्यांना ज्यांना विचारता येईल त्या सगळ्यांना विचारून झालं. कोणी नाही.

अत्यालाही विचारलं. पडली होतीस तेव्हा मनात आम्हाला हाक मारत होतीस का?

"नाही ग," ती म्हणाली. "दूध उघडें राहिलें, मांजर पिऊन जाईल, तेंच सारखें मनांत."

"मग पाठवलं कोणी?"

"चुम्मा कां डोकें शिणवतेस?" चुम्मा म्हणजे उगाच. मग यजमानांच्या आठवणीवर आली. "ते पोरांसमोर माझें नांव कधीं घेत नसत. जयरामशीं बोलतांना अत्याच म्हणायचे." एवढं बोलून तिने कॉफी मागितली.

तिचं म्हणणं मी मानत नाही. माझं डोकं त्याला तयारच होत नाही. पण त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नाही, हेही तितकंच खरं.

तो रिपोर्ट आम्ही बंद केला नव्हता. बंद करताना पाठवणाऱ्याला उत्तर देता येतं. अत्या घरी परतल्यावर मी ठरवलं की उत्तर द्यायचं. ज्याने कोणी कळवलं त्याला पुढे काय झालं ते कळायला नको? सासूबाईंना अक्षरं विचारत विचारत मी टाइप केलं – अत्याला गाठलं. पाठवलं, आणि मग लक्षात आलं. 'अत्याला काढलं' असं लिहिलं असतं तरी हीच अक्षरं आली असती, अगदी हीच.

"आता वाचणारा काय वाचेल हो?" मी सासूबाईंना विचारलं.

"ज्यानें सांगितलें त्याला कळेल," त्या म्हणाल्या आणि भात बघायला गेल्या.

उत्तर त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचून उघडलं गेलं की आमच्या स्क्रीनवर त्याची नोंद होते. स्क्रीनवरचे शब्द माझेच, मराठीत घातलेले. काही दिवस तिथे 'पाठवलं' एवढंच होतं. मग एका दुपारी बघितलं तर शब्द बदलला होता. मी लगेच इन्नंबूरला फोन केला. अत्या म्हणाली, कॉम्प्युटर तसाच अहे, बरण्यांखालीं, वायर गुंडाळलेली. कोणी, कुठे बसून ते उघडलं, मला आजही सांगता येत नाही. त्या उत्तराखाली एवढंच आहे – वाचलं.