डेलिंक्वेंट म्हणजे कोण

नियम मोडणाऱ्या नोकराला सरकार इंग्रजीत डेलिंक्वेंट म्हणतं, हे मला पांढुर्ण्याच्या शाळेत मास्तरकी करताना कळलं. कळलं नसतं तरी माझं काही अडलं नसतं.

राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि गाडीनं जेमतेम अर्ध्या तासावरचं नरखेड मुंबई राज्यात गेलं. ज्या मास्तरांनी मला पाढे शिकवले, त्यांच्याच शेजारच्या वर्गावर तेव्हा मी होतो. त्यांची थोरली बहीण नरखेडला अंथरुणाला खिळलेली. दर रविवारी ते तिला भेटून येत, ते वाटणीनंतरही येतच राहिले. मग परवानगीशिवाय राज्याबाहेर गेल्याबद्दल वरच्या कचेरीतून इंग्रजी पत्र आलं आणि त्यात हा शब्द. निवृत्तीला वर्ष उरलेलं, पेन्शन अडकायची धास्ती. मास्तर पत्र घेऊन माझ्याकडे आले, कारण इंग्रजी जाणणारा मीच.

हेडमास्तरांच्या कपाटातला जाडजूड कोश मी काढला. शब्द मूळचा लॅटिन. ‘लिंक्वेरे’ म्हणजे सोडणं, मागे टाकणं. त्याच्या आधी ‘डे’ लागला, की करायचं ते न करणं, कर्तव्यात कमी पडणं. मुळात त्यात चोरी-दरोडा काहीच नाही. मला उगाच मोठा शोध लागल्यासारखं झालं. शब्द दिसतो तेवढा वाईट नाही, असं मी मास्तरांना खुशीत समजावलं.

ते शांतपणे म्हणाले, "ते सारं ठीक आहे बाप्पा. पण बहिणीले भेटाले जाऊ का नको, तेवढं सांग."

मी शहाणपणा केला. माफीचा खुलासा लिहिला, परवानगीशिवाय जाणार नाही असं त्यात कबूल केलं आणि परवानगीचा अर्ज जोडला. मास्तरांनी सही केली. अर्ज सौंसरला तहसिलीच्या कचेरीत गेला, तिथून आणखी पुढे गेला आणि कुठंतरी पडून राहिला. रविवारी मास्तर धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसलेले दिसत. मी त्या गल्लीनं जाणं सोडलं. लाज वाटायची. आता या वयातही वाटते, आणि तिचाही कंटाळा आलाय.

दीड महिन्यानं बहीण गेली. अर्जबिर्ज राहू द्या, आत्ताच्या गाडीनं निघा, असं मी मास्तरांना विनवलं.

"तूच लिहून देल्लं ना, जाणार नाही म्हणून," ते म्हणाले. "खाली सही माही आहे."

त्यांनी सांगितला तसा मी नवा अर्ज लिहिला. कारण : बहिणीची तेरवी. ती परवानगी चौथ्या दिवशी हातात पडली.